उन्हाळा काढणारे कंद

थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत एक धडा हमखास असतो : गाजर, बीट, सलगम ही मुळे हिवाळाभर टिकवायची कशी. जमीन गोठण्याआधी वाफ्यावर पेंढ्याचा जाड थर द्यायचा आणि लागेल तसे गाजर बर्फाखालून उकरून काढायचे; नाहीतर सगळे पीक एकदम काढून तळघरात ओलसर वाळूच्या थरांत रचायचे. लडाखमध्येही गाजर, मुळा, सलगम, बटाटा जमिनीतल्या खड्ड्यांत ठेवून हिवाळा काढतात. ही युक्ती आता मोबाइलवरून गावोगावच्या परसबागांत पोचली आहे, धाराशिव जिल्ह्यातही. पण ती जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही. तुळजापूर, कळंब किंवा परंड्याच्या शेतकऱ्याला हिवाळ्याची भीती कधीच नव्हती; डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० ते १४ अंशांपर्यंत उतरते आणि तोच भाजीपाल्याचा सुकाळ असतो. इथे भाजीचा दुष्काळ पडतो तो मार्च ते जून. म्हणून इथल्या परसबागेने विचारायचा प्रश्न असा : कोणते कंद उन्हाळा काढू शकतात? त्याचे उत्तर ज्याच्या त्याच्या आवडीवर सोपवता येत नाही. ते इथल्या मातीच्या तापमानात आहे, आणि ते तापमान ओळखून पिके निवडली तर जमीनच आपले कोठार होऊ शकते, असे मला वाटते.

आधी मातीचे पाहू. जमिनीच्या पृष्ठभागावर दिवसा आणि रात्री तापमानात मोठा फरक पडतो, मे महिन्यात उघडी काळी जमीन दुपारी अनवाणी पाय ठेवता येणार नाही इतकी तापते. पण वीतभर खाली हा दैनंदिन चढउतार पुष्कळ विरलेला असतो, हातभर खाली तो जवळजवळ उरतच नाही. तिथे फक्त ऋतूंचा चढउतार पोचतो, तोही उशिरा. आणखी काही मीटर खाली गेले की ऋतूही पुसले जातात आणि माती त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिरावते. उत्तर युरोपात ही सरासरी आठ-दहा अंशांची, म्हणून तिथले तळघर म्हणजे विजेशिवाय चालणारे शीतगृहच. धाराशिवची सरासरी सव्वीस-सत्तावीस अंशांच्या घरात. म्हणजे इथे कितीही खोल खणा, कितीही जाड भिंती बांधा, मातीकडून मिळणारा गारवा सव्वीस अंशांच्या खाली जाणार नाही. बाहेर ४१ अंश असताना आपल्याला तो गारवाच वाटेल. गाजराला मात्र वाटणार नाही.

कारण उपटलेले गाजर जिवंत असते. ते श्वास घेते, साठवलेली साखर जाळते, पाणी सोडते. शून्य अंशाच्या आसपास, भरपूर दमट हवेत ते सहा महिनेही टिकते. २० अंशांवर त्याचे श्वसन शून्य अंशाच्या चार-पाच पट होते, आणि त्याहून वर तर गाजर काही दिवसांतच लुळे पडते, पांढऱ्या मुळ्या फोडते किंवा सडते. मुळा आणि बीटही याच सवयीचे. ही तिन्ही पिके मुळात दोन हंगामांत आयुष्य पुरे करणाऱ्या वनस्पतींची आहेत : पहिल्या हंगामात मुळात अन्न साठवायचे, थंडीत स्वस्थ राहायचे आणि ती ओसरल्यावर त्या साठ्यावर फुलायचे. त्यांचा विसावा थंडीने येतो. थंडीच नसेल तर विसावाही नाही. थंड देशांत पडलेल्या हिमाने गाजर अधिक गोड होते हेही याचेच अंग आहे : गोठण्यापासून पेशी वाचवण्यासाठी वनस्पती साखर वाढवते. धाराशिवमध्ये हा चमत्कार व्हायचा नाही, आणि त्याची वाट पाहून गाजर वाफ्यात ठेवणाऱ्याच्या हाती फेब्रुवारीअखेर लाकडासारखा कठीण गाभाच येईल.

पण सगळ्याच कंदांचा विसावा थंडीने येत नाही, आणि इथेच या जिल्ह्यासाठी खरी वाट उघडते. कांदा घ्या. काटेकोर अर्थाने तो मूळ नव्हे, पानांचे तळ फुगून झालेला गड्डा आहे. पण साठवणुकीच्या हिशेबात तो या चर्चेत हवाच. कांद्याला कोंब सर्वांत लवकर फुटतात ते १० ते २० अंशांच्या दरम्यान. शून्याजवळ नेला तर तो निजून राहतो, आणि २५ ते ३० अंशांवर ठेवला तरीही निजून राहतो. म्हणून मार्च-एप्रिलमध्ये काढलेला रब्बी कांदा आपल्याकडे कुठल्याही यंत्राशिवाय, खालून आणि बाजूंनी वारा खेळणाऱ्या साध्या चाळीत पावसाळा ओलांडून दिवाळीच्या आसपास पोचतो. एन-२-४-१ सारखे वाण त्यासाठीच नावाजले गेले. साठवणुकीत घट येते, वजन उतरते, काही गड्डे सडतात, हे खरेच. तरीही उष्णता हा साठवणुकीचा शत्रूच असतो ही समजूत कांदाचाळ रोज खोटी पाडत असते. सुरण, हळद, आले, अळकुड्या हे मोसमी पावसाच्या प्रदेशातले कंदही याच पठडीतले. त्यांच्या मूळ मुलुखात वनस्पतीला संकट येते ते कोरड्या उन्हाळ्याचे. पाऊस संपला की त्यांची पाने पिवळी पडून गळतात, कंद मातीत सुप्तावस्थेत जातो आणि वळवाच्या सरींबरोबर पुन्हा डोळे फुटतात. गाजराचे झाड हिवाळा ओळखते, सुरणाचे झाड उन्हाळा ओळखते. सव्वीस-सत्तावीस अंशांची जमीन पहिल्यासाठी निरुपयोगी आणि दुसऱ्यासाठी नेमकी आहे.

यावरून कोणी म्हणेल की मग गाजर-मुळ्याचा नादच सोडा. ते काही बरोबर नाही. ती साठवायची पिके नाहीत, इतकेच. ती टप्प्याटप्प्याने पेरायची आणि ताजी खायची पिके आहेत. आपल्या सणांनी ही वेळ कधीच ठरवून ठेवली आहे. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिव भागात येळवस होते, शेतात भज्जी, आंबील आणि उंड्यांची पंगत बसते. त्यानंतर जानेवारीच्या मध्याला भोगीची मिसळभाजी. गाजर तयार व्हायला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे भोगीसाठी पेरणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवी, सोयाबीन निघाल्या निघाल्या. एकाच दिवशी सगळा वाफा पेरण्याऐवजी पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार ओळी पेरल्या तर डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत कोवळी गाजरे मिळत राहतात. थंडीत, मातीत ओल असताना, तयार गाजर वाफ्यातच दोन-तीन आठवडे चांगले राहते. इथली वाफ्यातली साठवण एवढ्याच मुदतीची. लवकर पेरायला लाल देशी वाण, ऑक्टोबरनंतर नारिंगी नँटिस पद्धतीचे. देशी वाणांना फुलायला कडक थंडी लागत नाही, त्यामुळे उशिरा ठेवले की ते दांडा काढून फुलोऱ्यावर जातात. नँटिसला मात्र दीर्घ थंडी लागते, म्हणून ते इथे फुलत नाही आणि त्याचे बी डोंगराळ थंड भागात, उदाहरणार्थ कुलू खोऱ्यात, धरावे लागते. मुळ्याला उन्हाळा त्यामानाने कमी टोचतो. पुसा चेतकी हा वाण उष्ण हवेसाठीच काढलेला आहे आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तयार होतो. त्याला साठवायची गरजच नाही. बीट उन्हात वाढले की आतली वर्तुळे पांढुरकी पडतात, त्यामुळे ते थंडीतच उरकावे. या तिन्हींना भारी काळी जमीन सोसत नाही. गादीवाफा करून कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू मिसळावी लागते. कच्चे शेणखत घातले की गाजराला फाटे फुटतात. बालाघाटाच्या माथ्यावरची हलकी, मुरमाड जमीन एरवी दुय्यम मानली जाते, पण सरळ मुळांसाठी तीच बरी, पाण्याची सोय असेल तर.

पुढचा आक्षेप जुन्या जाणकारांकडून येतो : आपल्याकडे पेव होते की, जमिनीखालची साठवण काय विलायतेहून शिकायची? पेवांचा दाखला मोलाचा आहे. दख्खनच्या पठारावर ज्वारी पेवात आणि बळदात ठेवली जाई. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच, २००५ च्या महापुरात त्यांतली बरीच निकामी झाली. पण पेव ज्या तत्त्वावर चालते ते कंदांच्या साठवणीच्या उलट आहे. पेव हवा तोडते. आत कोंडलेला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साचतो आणि त्यानेच किडे मरतात. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये हा दंडक त्याच कारणाने पडला. वाळलेली ज्वारी किंवा शिजवून वाळवलेली हळद हे सोसते, कारण दाण्याचा श्वास अगदी मंद असतो आणि शिजवलेल्या हळदीला तो नसतोच. ओला सुरण किंवा बेण्याची हळद पेवात घातली तर आठवडाभरात घुसमटून सडेल. जिवंत कंदाला सावली, कोरडेपणा आणि वाहती हवा हवी. म्हणूनच हळदीचे बेणे झाडाच्या सावलीत ढीग घालून पाल्याने झाकतात, आणि सुरणाचे गड्डे एकावर एक न रचता कोरड्या खोलीत वाळूवर मांडतात. पेवापासून घ्यायचा धडा वेगळा आहे : आपल्या पूर्वजांनी जमिनीचे तापमान ओळखून त्या तापमानाला टिकेल तोच माल तिच्या हवाली केला. गाजर पेवात ठेवल्याचे कोणी ऐकलेले नाही.

शून्य ऊर्जा शीतकक्षाचा मुद्दा याहून वजनदार आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेली ही रचना सोपी : विटांच्या दोन भिंती, मधल्या काही बोटांच्या फटीत वाळू, आणि ती वाळू सकाळ-संध्याकाळ ओली ठेवायची. बाष्पीभवनाने आतले तापमान बाहेरच्यापेक्षा दहा ते पंधरा अंशांनी उतरू शकते आणि हवा दमट राहते. मराठवाड्याच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये तर ही रचना सर्वांत चांगली चालते, कारण हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त. इथे माती देऊ शकत नाही ते पाणी देते, असे म्हणता येईल. पण हिशेब पुरा मांडायला हवा. या कक्षात गाजर-मुळा दिवसांऐवजी एक-दोन आठवडे टिकतो, महिने नव्हे; बाजाराला माल नेईपर्यंत किंवा लग्नघरच्या स्वयंपाकाआधी तो उपयोगाचा आहे. आणि त्याला रोज पाणी लागते, नेमके टंचाईच्या महिन्यांत. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. त्या पट्ट्यात भाजी टिकवण्यासाठी रोज वाळू भिजवा असे सांगताना जपून सांगावे. कक्षात काही ठेवायचेच असेल तर एवढे करावे : पाला लगेच छाटावा, कारण पाने मुळातले पाणी ओढतात, आणि पिकत घातलेले आंबे-केळी गाजरापासून दूर ठेवावीत, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या वायूने गाजर कडवट होते.

सर्वांत गुंतागुंतीचे पीक रताळ्याचे, आणि या जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात त्याचे स्थानही मोठे. उपवासाच्या दोन मोठ्या दिवशी ते लागते : महाशिवरात्री आणि आषाढी एकादशी. पहिला दिवस हिवाळ्याच्या शेवटी, दुसरा पावसाळ्याच्या तोंडाशी, मध्ये सबंध उन्हाळा. मग शिवरात्रीला काढलेली रताळी आषाढीपर्यंत ठेवता येतील का? रताळे उष्ण प्रदेशातले असले तरी त्याला सुरणासारखी खरी सुप्तावस्था नाही. काढल्यावर चार ते सात दिवस ३० अंशांच्या आसपास दमट जागी ठेवले तर साल घट्ट होते, काढणीतल्या जखमा भरतात. थंड देशांत मग ते १३ ते १५ अंशांवर महिनोन्‌महिने साठवतात. दहा अंशांखाली मात्र ते बिघडते, म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नये. आपल्या सव्वीस-सत्तावीस अंशांत ते काही आठवडेच टिकते, मग कोंब काढते. बरे, न काढता जमिनीतच राहू द्यावे म्हटले तर काळी माती आड येते. पाणी तोडले की ती भेगाळते आणि रताळ्याचा भुंगा त्या भेगांतूनच कंदापर्यंत उतरतो. एकदा त्याने पोखरले की रताळे कडू होते, गुरेही तोंड लावत नाहीत. मातीची भर देणे, भेगा पडू न देण्याइतके हलके पाणी देणे आणि पक्व होताच काढणे हाच त्यावरचा इलाज. त्यामुळे रताळ्याच्या बाबतीत उन्हाळा कंदाने काढायचा नसतो, वेलाने काढायचा असतो. मोरीच्या सांडपाण्यावर दोन-तीन हातांचा वाफा वेलांसाठी राखला की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच वेलांचे तुकडे लावून साडेतीन-चार महिन्यांत आषाढीची रताळी तयार होतात, आणि पावसाळी लागवडीलाही बेणे उरते. छाटलेला वेल शेळ्यांना उत्तम चारा आहे. ज्या जिल्ह्याच्या जुन्या नावाची शेळी, उस्मानाबादी, देशभर ओळखली जाते, तिथे याचे मोल वेगळे सांगायला नको.

खरा उन्हाळा काढतो तो सुरण, आणि या भागात त्याच्याकडे जितके दुर्लक्ष झाले तितके कुठल्या भाजीकडे झाले नसेल. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला बेणे लावले की आठ-नऊ महिन्यांत गड्डा भरतो. जानेवारीच्या सुमारास पान पिवळे पडून आडवे होते. त्यानंतर पाणी तोडायचे आणि निचऱ्याच्या जमिनीत, झाडाच्या अर्ध्या सावलीत, वर पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर गड्डा तिथेच राहू द्यायचा. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, लागेल तसा एकेक खणावा. थंड देशातला बागवान पेंढ्याखालच्या गाजराचे जे करतो, नेमके तेच हे आहे, ऋतू तेवढा उलटा. वळवाचा पाऊस पडायच्या आत उरलेले गड्डे काढले नाहीत तर ते फुटायला लागतात आणि चव जाते. तेच मग पुढच्या लागवडीचे बेणे. काप करून शेण-राखेच्या काल्यात बुडवायचे, सावलीत सुकवायचे, प्रत्येक तुकड्यावर मधल्या डोळ्याचा भाग येईल एवढी काळजी घ्यायची. खाज सुटते ही सुरणावरची मोठी तक्रार. ती त्यातल्या ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवले की ती जाते, आणि गजेंद्रसारख्या सुधारित वाणात मुळातच खाज फार कमी.

आता शेतकऱ्याचा रोकडा सवाल : आठ-नऊ महिने जमीन अडवून ठेवणारे पीक घ्यायचे कशाला, तेवढ्यात सोयाबीन आणि हरभरा दोन्ही निघतात. शेतात घ्यायचे तर हा सवाल रास्त आहे आणि मी सुरणाला सोयाबीनचा पर्याय म्हणून पुढे करत नाही. पण परसात, बांधाच्या कडेला, आंब्या-लिंबाच्या सावलीत जिथे सोयाबीन येतच नाही, तिथे हा कंद येतो. त्या तुकड्यांचा निर्णय कोण घेते हा प्रश्नही यात गुंतलेला आहे. १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने याच जिल्ह्यात आणि लातुरात महिलांच्या एक एकर शेतीचा प्रयोग रुजवला : घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईच्या निर्णयाने, मिश्र अन्नपिकांसाठी, सेंद्रिय पद्धतीने. २०१६ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. त्या एकरातून घराला वर्षभर अन्न मिळावे हा हेतू असेल, तर वर्षातले सर्वांत कोरडे चार महिने भरून काढणारे कंद त्यात हवेतच. नगदी पिकाशी त्यांची तुलना रुपयांत करून चालणार नाही. मे महिन्यात त्या घरात भाजी कुठून येते हेही मोजावे लागेल.

बाजारात तर मेमध्येही गाजर मिळते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. ते गाजर शीतगृहातून किंवा निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागातून येते आणि त्याच्या किमतीत ती सगळी थंडी व वाहतूक धरलेली असते. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावे. पण लोहाऱ्याच्या किंवा वाशीच्या मजुराच्या घरी उन्हाळ्यात भाजी म्हणजे बटाटा-कांदा आणि वाळवणाच्या शेंगा एवढीच उरते, तेव्हा परसातला एक मोठा सुरण त्या घराला कित्येक जेवणांची भाजी देतो, तीही टंचाईच्या महिन्यांत पाण्याचा थेंब न मागता. उन्हाळी भाजीच्या बहुतेक सल्ल्यांना पाणी लागते. सुप्त कंदाला ते लागत नाही, उलट ते दिले तर तो बिघडतो. कोरडवाहू जिल्ह्यासाठी याहून सोयीचा गुण मला सुचत नाही.

एक आक्षेप मात्र मी पुरता खोडून काढू शकत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम भागातली शेते पाण्याखाली गेली, नदीकाठची माती खरडून गेली. सप्टेंबरात सुरण, हळद, अळकुड्या भर वाढीत जमिनीत असतात, आणि पाणी दोन-तीन दिवस साचले तर कंद कुजतो. तापमान ओळखून निवडलेले पीकही पाण्याच्या लोंढ्यापुढे टिकत नाही. उंच गादीवाफा, उताराची जागा, नदीकाठ टाळणे याने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून सगळे बेणे एका ठिकाणी लावू नये. काही घराजवळच्या उंचवट्यावर, काही माळाकडच्या शेतात, काही पोत्यांत किंवा जुन्या पिंपात मातीचा भरणा करून. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने भारी आणि मुरमाड अशा दोन्ही जमिनींत सुरणाचे प्रात्यक्षिक वाफे घेऊन, आच्छादनाखाली आणि उघड्यावर हातभर खोलीचे मातीचे तापमान मार्च ते जून नोंदवले, तर कुठल्या जमिनीत कंद मेअखेरपर्यंत ठेवावा आणि कुठे एप्रिलमध्येच काढावा, हे गावागावाला नेमके सांगता येईल. तोवर बेणे घेताना जानेवारीत काढलेले, न कापलेले, मधला डोळा शाबूत असलेले गड्डे निवडावेत, आणि त्यातले एक-दोन लावणीनंतरही घरात वाळूवर राखून ठेवावेत, पहिल्या पावसात लावण वाया गेली तर पुन्हा लावण्यासाठी.